पाचव्या लाटेनंतर

पहाटे ४.४०. जुलैतला शनिवार. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला आलं की कोवलम लागतं. केरळातलं नावाजलेलं कोवलम वेगळं. हे तमिळनाडूतलं, इंग्रजांच्या जुन्या कागदांत ‘कोवलाँग’ म्हणून नोंदलेलं कोळ्यांचं गाव. अजून अंधार आहे. वाळूवर ओळीने ओढून ठेवलेल्या होड्यांमधून चालताना पायात जाळ्याचे दोर येतात. तंबी माझ्याआधी पोचलाय. मी त्याला तंबी म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तो मला अक्का म्हणतो. तमिळ आणि मराठी, दोन्हीकडे चालणारा हा शब्द चौदा वर्षांपूर्वी चेन्नईत आले तेव्हा मला पहिल्यांदा आधार देऊन गेला होता.

तंबी सर्फिंग शिकवतो. त्याच्या नोकरीला अजून तास-दीड तास आहे. आत्ता तो आला आहे मोठ्या भावाची होडी पाण्यात लोटायला. होडी फायबरची, तिच्या इंजिनाला शेपटीसारखा लांब दांडा. चौघे खांदा लावतात. होडीचं नाक पाण्याला लागलं की मात्र सगळे थांबतात. मला वाटलं, दम खातायत. तसं नव्हतं. भाऊ समोरच्या काळोखात बघत होता आणि ओठांतल्या ओठांत मोजत होता. एक लाट फुटली, दुसरी, तिसरी. पाचवी फुटून फेस पायाशी आला आणि तो ओरडला, “इप्पो!” आत्ता! चौघांनी एकदम रेटा दिला, तिघे उडी मारून आत, दांडा पाण्यात, आणि लाटांची रांग पुन्हा उभी राहायच्या आत होडी पलीकडच्या सपाट पाण्यात पोचलीसुद्धा.

“आज पाचचा सेट आहे,” तंबी छातीपर्यंत भिजून परत येत म्हणाला. “काल सातचा होता. रोज बघावं लागतं.”

सेट हा सर्फिंगमधला शब्द. लाटा सुट्या येत नाहीत, टोळीने येतात. मोठ्या लाटांची एक टोळी, मग थोडी उसंत, मग पुढची टोळी. त्या उसंतीत होडी बाहेर काढायची हे इथल्या माणसाला सर्फिंग गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. हा सगळा किनारा उघडा. आपल्याकडे खाड्या आहेत; वेंगुर्ल्याला, मालवणला होडीला आडोसा मिळतो. मद्रासला तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर बांधेपर्यंत जहाजं दूर खोल पाण्यात नांगरायची, आणि माणसं-माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर यायचा. त्या होड्यांत खिळा नसे. खिळ्याची फळी लाटेच्या माराने फुटली असती. शिवलेली वाकायची आणि तगायची. मच्छीमारांचं कट्टुमरमही तसंच. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. हलके ओंडके दोराने बांधायचे, त्यांवर बसून किंवा उभं राहून लाटेवरून जायचं, परत आल्यावर दोर सोडून ओंडके वाळत टाकायचे. जगभर गेलेला ‘कॅटमरान’ हा शब्द या किनाऱ्यावरचा. लाटेवर फळी घालून उभं राहणं इथे कुणाला परकं वाटलं नाही, त्यात नवल नाही.

५.५०. समुद्रातून सूर्य वर येतो. आम्हा पश्चिम किनाऱ्याच्या माणसांना याची सवय होत नाही. आमचा सूर्य पाण्यात जातो, निघत नाही. तंबी कॉफीचा पेला घेऊन वाळूच्या उंचवट्यावर बसलाय आणि बघतोय. वीस मिनिटं तो दुसरं काही करत नाही. फोनवर लाटांचा अंदाज त्याने रात्रीच पाहिलाय. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे समुद्राचे इशारे मच्छीमारांपर्यंत पोचतात, तेही त्याला भावाकडून कळतात. तरी हे बघणं चुकत नाही. कुठे लाट आधी फुटते, कुठे फुटतच नाही, वाळूचा बांध कालच्यापेक्षा सरकला का, वारा कुठून.

वारा जमिनीवरून येतोय, कोरडा आणि आताच कोमट. याच वाऱ्याने माझ्या माहेरी, वेंगुर्ल्याला, या घटकेला काय चाललं असेल ते मला दिसतं. दर्या खवळलेला, पाणी मातकट, होड्या शाकारलेल्या, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद. नैऋत्येचा तोच वारा सह्याद्रीवर पाऊस टाकून, दख्खन ओलांडून इथे पोचतो तेव्हा त्याची पाठ समुद्राकडे नसते, तोंड असतं. आमच्याकडे तो लाटेला मागून ढकलतो आणि मोडतो. इथे तो लाटेला समोरून भेटतो, तिच्या कपाळावरचा फेस मागे उडवतो, तिला पडण्याआधी क्षणभर जास्त उभी धरतो. आणि लाटा स्वतः येतात त्या दक्षिणेकडून, हजारो किलोमीटरवरच्या वादळांतून निघून, वाटेत सगळा खडबडीतपणा गाळून. गावाच्या टोकाशी खडक आहेत. लाट आधी तिथे फुटते आणि मग कापड फाटत जावं तशी उत्तरेकडे फाटत येते. त्या फाटण्याच्या पुढे-पुढे राहणं म्हणजे सर्फिंग. एका ऋतूत, एका वाऱ्यात एक किनारा बंद आणि दुसरा उघडा, हे मी शाळेत भूगोलात शिकले नव्हते. इथे वाळूवर बसून शिकले.

६.३०. पहिली तुकडी. सहा जण. त्यांत एक साताऱ्याकडचा मुलगा, चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत कामाला. मराठी ऐकून तो खुलला. पोहायला येतं का, असं तंबीने विचारल्यावर तो जोरात म्हणाला, “पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलोय.” मी तमिळमध्ये समजावून सांगितलं. तंबीने ते अगदी मन लावून ऐकलं, विहीर किती खोल, डबा कशाचा, पाण्यात ढकलतं कोण, असं सगळं विचारलं आणि म्हणाला, “चांगलं आहे. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं. इथे ते चालतं. एवढंच फक्त नवीन शिकायचं.”

मग अर्धा तास वाळूवर. बोटाने वाळूत बोर्डाचा आकार काढायचा, त्यावर पालथं झोपायचं, हात बरगड्यांशी, छाती वर, आणि एका झटक्यात उभं. तंबी प्रत्येकाला मागून नकळत हलकंसं ढकलतो. तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडेल तो पुढचा. उरलेल्या पायाच्या घोट्याला बोर्डाचा दोर, म्हणजे लीश, बांधायचा. शिकाऊंचे बोर्ड आठ-नऊ फुटांचे, वरून मऊ फोमचे. नियम तो तीन सांगतो. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही, लाट तो छातीवर आणून आपटते. पडायचं तर आडवं, पसरून. तळ कुठे आहे ते माहीत नसतं. आणि वर येताना आधी हात डोक्यावर, मग डोकं पाण्याबाहेर.

कमरेएवढ्या पाण्यात तो एकेकाला लाटेवर सोडतो. बोर्डाची शेपटी धरून पाठीमागे बघत राहतो, एक लाट जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो, तिसरीला सोडतो. शिकणाऱ्याला कळतही नाही की आपण उभे राहिलो त्यातलं निम्मं काम त्या निवडीने केलं. साताऱ्याचा मुलगा नऊ वेळा पडला. त्याची नजर पायांकडे जायची. “खाली बघितलंस की खालीच जाशील, गोपुराकडे बघ,” तंबी ओरडला. दहाव्या वेळी तो उभा राहिला, फेसावरून सरळ किनाऱ्यापर्यंत आला आणि घोटाभर पाण्यात, कुणी बघत नाहीये असं समजून, त्याने पाण्याला हात लावून कपाळाला लावला.

८.३०. होड्या परततात. आता हा किनारा बाजार असतो. जाळी झटकली जातात, नेत्तिली ही बारीक मासळी चांदीच्या चुऱ्यासारखी उडते. शंकरा, खेकडे, एक मोठं वंजिरम, म्हणजे आपली सुरमई. बोली बायका लावतात. तंबीची आजी, पाट्टी, सत्तरीच्या पुढची, टोपली कमरेला टेकवून सगळ्यांत पुढे. इथे समुद्रावर पुरुष जातात आणि मासळी विकतात बायका, आपल्या कोळणींसारखंच. पाट्टीने पन्नासेक वर्षं या समुद्राची मासळी विकली आहे आणि ती एकदाही त्यात गुडघ्याच्या वर गेलेली नाही. मी तिला का म्हणून विचारलं नाही. माझ्या आईची गोष्ट निराळी नव्हती. समुद्रापासून तीनशे पावलांवर आमचं घर, आणि आम्हा बहिणींना घोट्यापुढे बंदी. “पाण्याक ओढ आसा, फुडे जाव नको.” भाऊ मात्र पोहायला शिकले. मी शिकले एक्केचाळिसाव्या वर्षी, चेन्नईतल्या एका तलावात.

भावाच्या होडीला आज फार नाही मिळालं. इंधन सुटेल, थोडं वर. तो तक्रार करत नाही. जाळ्याची नीट घडी घालतो, इडल्या खातो आणि झोपायला जातो. घरात दोन मिळकती आहेत, एक समुद्रावर अवलंबून आणि दुसरीही समुद्रावरच, पण दुसरीचा पगार महिन्याला ठरलेला. तंबीचा पगार थांबला तर होडी विकावी लागेल, आणि होडी नसती तर तंबी पहाटे काय बघायला शिकला असता, असं त्याचा भाऊच मला म्हणाला.

साडेनऊची दुसरी तुकडी पहिल्यासारखीच. फक्त ऊन जास्त.

११.१५. बोर्डांची डागडुजी. खडकावर आपटून एका बोर्डाला भेग पडलीय. तंबी सावलीत बसून ती घासतो, काचेच्या धाग्याचं कापड कापतो, राळ कालवतो. हे त्याला सर्फ-शाळेत कुणी शिकवलं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीच्या ओघात या सगळ्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. कट्टुमरम त्याआधीच मागे पडत चाललं होतं, नंतर फारच थोडं उरलं. फायबरची होडी फुटली की तीच राळ, तेच कापड. तंबी लहानपणी काकांच्या हाताखाली ते शिकला. त्सुनामीच्या वेळी तो सात वर्षांचा होता. त्या सकाळबद्दल तो थोडकंच बोलतो. “पाणी आधी मागे गेलं. आम्ही पोरं मासे वेचायला पुढे जाणार होतो. पाट्टी आली आणि तिने मला केस धरून ओढत नेलं.” राळ सुकेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “त्यानंतर दोन वर्षं आई मला या बाजूला फिरकू देत नव्हती. आणि अक्का, मला समुद्राचा राग आला होता. राग गेला तो बोर्डावर.”

दुपार. गाव झोपतं. मी भटकते. एका टोकाला ताजचं ‘फिशरमन्स कोव्ह’ हॉटेल आहे, १९७० च्या दशकातलं, जुन्या किल्ल्याच्या जागेवर. किल्ला फ्रेंचांकडे होता. १७५२ मध्ये क्लाइव्हने तो घेतला आणि मग तो सुरुंग लावून पाडला गेला. गावात जुनं कॅथलिक चर्च, दर्गा, देवळं, सगळं हाकेच्या अंतरावर. किनाऱ्याच्या एका भागाला २०२१ पासून ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचं आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. तिकडे बाकं, नळ, कचऱ्याचे डबे. इकडे होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी. पाहुण्यांना पहिला भाग आवडतो. मला दुसऱ्या भागाची काळजी वाटते, कारण होड्या ओढायला जागा उरली नाही तर पहाटे पाच लाटा मोजणारं कुणी उरणार नाही.

सर्फिंग इथे आलं ते या दुसऱ्या भागातून. गावातलेच एक मच्छीमार, मूर्ती मेगवन, परदेशी पाहुण्यांचे बोर्ड बघून आपणहून शिकले आणि मग गावच्या पोरांना शिकवू लागले. चेन्नईचे उद्योजक अरुण वासू यांच्या साथीने २०१२ मध्ये त्यांची ‘सोशल सर्फ स्कूल’ उभी राहिली. पोरांना फुकट शिकवायचं, अट एवढीच की शाळा सोडायची नाही आणि दारू-तंबाखूला शिवायचं नाही. पुढच्या वर्षीपासून सर्फिंग, संगीत आणि योग यांचा उत्सव भरू लागला, आणि क्रिकेटइतकंच सर्फिंगचं वेड असलेला क्रिकेटपटू जॉन्टी ऱ्होड्स त्यासाठी इथे आला. मैदानावरची त्याची ती झेप आठवणाऱ्या माझ्या पिढीला हे ऐकून गंमत वाटेल. पण तंबीच्या वयाच्या मुलांसाठी महत्त्वाची ठरली ती अट. त्याच्यासारखे कितीतरी जण शाळेत टिकले ते बोर्ड हातून जाऊ नये म्हणून.

३.३०. वारा फिरला. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून गार वारा आत येतो. माणसांना बरं वाटतं, लाटेची मात्र वाट लागते. ती चुरगळते, कुठूनही फुटते. चांगले सर्फर आता पाण्यात नसतात. नेमक्या याच वेळी चेन्नईची गर्दी येते.

दिवसातलं सगळ्यांत अवघड काम हेच, आणि ते तंबीच्या पगारात धरलेलं नाही. तो उंचवट्यावर शिट्टी घेऊन उभा राहतो. मला एक पट्टा दाखवतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरं पाणी, आणि मध्ये दहा-पंधरा पावलं रुंद, गडद, शांत पाणी. “कुटुंबं नेहमी तिथेच उतरतात. लाट नाही, म्हणून.” लाट तिथे फुटत नाही कारण तिथे वाळू खणली जाऊन खोल झालेलं असतं. दोन्हीकडून किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने समुद्रात परत धावत असतं. आईची ओढ ती हीच. आईला ती ठाऊक होती, ती दिसते कशी हे मात्र कुणी तिला सांगितलं नव्हतं, म्हणून तिने आम्हाला सगळाच समुद्र बंद केला.

सव्वाचारला एक कॉलेजचा मुलगा त्या पट्ट्यात सापडला. ओरडत नव्हता. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड वर, हात पाण्याला शिडीसारखे दाबत. तो सगळी ताकद लावून किनाऱ्याच्या दिशेने पोहत होता आणि जागेवरच होता. तंबी बोर्ड घेऊन त्याच ओढीत शिरला. मला धस्स झालं. पण ओढीने त्याला फुकट आणि चटकन त्या मुलापर्यंत नेलं. मुलाला बोर्डावर पालथं घातलं, आणि मग तो किनाऱ्याकडे आलाच नाही. किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे गेला, पांढऱ्या पाण्यापर्यंत, आणि तिथून एका लाटेनेच दोघांना आणून सोडलं. चार मिनिटं लागली असतील. मुलाचे मित्र अजून फोटो काढत होते. त्यांना कळलंही नव्हतं.

दर पावसाळ्यात कोकणात सहलीला गेलेली पोरं बुडाल्याची बातमी येते आणि आपण हळहळतो, पोरांना बेफिकीर म्हणतो. ओढीला तोंड देऊन पोहायचं नाही, बाजूला जायचं, फुटणाऱ्या लाटेकडे जायचं, हे एक वाक्य त्यांतल्या किती जणांना शाळेत कुणी सांगितलं असेल? माझ्या शाळेतून तर समुद्र दिसायचा.

५.००. गावातल्या मुलांची वेळ. पैसे नाहीत, तुकडी नाही. जुने, ठिगळ लावलेले बोर्ड घेऊन बारा-पंधरा पोरं धावत येतात. वारा पडत चाललाय, लाटा पुन्हा जरा सरळ. तंबीची पुतणी नऊ वर्षांची. परकराखाली अर्धी चड्डी घालून आलेली; वाळूवर परकर काढून तिने तो पाट्टीच्या मांडीवर टाकला. पाट्टी होडीच्या सावलीत, रिकामी टोपली शेजारी. तिला हे पसंत आहे का, मी हळूच तंबीला विचारलं. “पहिलं वर्षभर ती रोज भांडली. आता रोज येऊन बसते.”

पुतणीला आज पांढऱ्या पाण्यात राहायचं नव्हतं. तिला पलीकडे, जिथे लाट अजून न फुटता उभी असते तिथे जायचं होतं. ती बोर्डावर पालथी होऊन वल्हवत निघाली आणि पहिल्याच लाटेने तिला मागे आणून टाकलं. पुन्हा गेली, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभी राहिली, नाकातोंडात पाणी गेलेलं, रडायच्या बेतात. तंबी दोन हातांवर होता. तो काही बोलला नाही.

मग माझ्या शेजारून आवाज आला. पाट्टी उठून उभी राहिली होती. डोळ्यांवर हात धरून ती पलीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. पन्नास वर्षं तिने इथून, याच वाळूवरून, आधी नवऱ्याचं कट्टुमरम, मग मुलांच्या होड्या, मग नातवाची होडी लाटा ओलांडून जाताना पाहिली आहे. लाट फुटली. आणखी एक. पोर मागे वळून आजीकडे बघत होती. पाचवी फुटली, फेस आमच्या पायांशी आला, आणि मासे विकून घोगरा झालेला तो आवाज सगळ्या किनाऱ्यावर गेला.

“इप्पो!”

पोरीने झोकून दिलं आणि हात मारत सुटली. पुढची टोळी यायच्या आत ती पलीकडच्या सपाट पाण्यात बसली होती, पाय दोन्हीकडे सोडून, किनाऱ्याकडे पाठ करून.

७.१०. अंधार. बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन मांडणीवर गेले. लीश एका खिळ्याला, शिट्टी दुसऱ्याला. तंबीच्या घरी भात आणि नेत्तिलीचं मीन कुळंबु, म्हणजे माशाचं कालवण. चिंचेचं आंबट, आमच्या कोकमापेक्षा वेगळं, आणि तिखट. पुतणी ताटावरच पेंगली. भाऊ उठून बसलाय, जाळ्यातली फाटलेली घरं हातांनी चाचपून शिवतोय. त्याने विचारलं, संध्याकाळी किती होत्या. तंबी घास तोंडात ठेवून म्हणाला, “पाचच.” पाट्टी आतून म्हणाली, शेवटी शेवटी सहा झाल्या होत्या.

भावाने गजर चार वाजताचा लावला.